पाटाचं की पाणमोटेचं?

पाळी चुकली की आमच्या बारामती-इंदापुरात माणसं दोन ठिकाणी धावतात. एक पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात आणि दुसरं आमच्याकडे. तिकडे कालव्याच्या पाण्याची पाळी, इकडे बाईची. तिकडे साहेब "बघू" म्हणतात, इकडे आमच्या डॉक्टर मॅडमही "बघू" म्हणतात. फरक एवढाच की मॅडम खरंच बघतात. सोनोग्राफीचं मशीन त्यासाठीच घेतलंय.

मी नसीम सिस्टर. माहेर इंदापूर, सासर बारामती. वडिलांचं किराणा दुकान होतं आणि मी गल्ल्यामागे बसून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाची नक्कल करायचे. मागे केली असती तर चाललं असतं, मी तोंडावर करायचे. वडील कंटाळून म्हणाले, "हिला नाटकात घाला नाहीतर दवाखान्यात. दुकानात ठेवली तर मला दुकान राहणार नाही." नाटकात घालायला घरचे तयार नव्हते, म्हणून मी नर्स झाले. नाटक मात्र सुटलं नाही. ते सोनोग्राफीच्या खोलीत, पडद्याच्या आत, एका वेळी एकाच प्रेक्षकासमोर चालू राहिलं.

आमच्याकडे गर्भजलाची तपासणी होते. म्हणजे काय, ते आधी सांगते. पोटात बाळ ज्या पाण्याच्या पिशवीत असतं, त्यातलं थोडं पाणी बारीक लांब सुईनं काढायचं. कटिंग चहा पिऊन झाल्यावर ग्लासाच्या तळाशी उरतो, तेवढंच. रंग गव्हाच्या काडीचा. त्या पाण्यात बाळाच्या अंगावरून सुटलेल्या पेशी असतात, त्या प्रयोगशाळेत गेल्या की बाळाला काही जन्मजात आजार आहे का ते कळतं. सगळ्यांची ही तपासणी करत नाहीत. रक्ताच्या चाचणीत शंका आली, किंवा घराण्यात काही आजार असला, तरच.

मॅडम सोनोग्राफीत बघत बघत सुई घालतात. ट्रे लावणं, नळ्यांवर नावं लिहिणं हे माझं अधिकृत काम. बाईचा हात धरून तोंड चालवत राहणं हे अनधिकृत. मी एखादी फर्मास नक्कल काढते, बाई हसू दाबायला ओठ चावते, आणि तेवढ्यात सुई जाऊन आलेली असते. मॅडम म्हणतात, "नसीम, पोट हलवू नकोस तिचं." मी म्हणते, "मॅडम, फक्त ओठ हलवतेय."

आता ही पिशवी. भाकरी तव्यावर फुगली की तिचा पापुद्रा कसा सुटतो? या पिशवीलाही असे दोन पापुद्रे असतात, एकात एक. सुरुवातीला सुटे सुटे असतात, चौथ्या महिन्याच्या आसपास एकमेकांना चिकटतात. म्हणून मॅडम घाई करू देत नाहीत. सुटे असताना सुई घातली तर आतला पापुद्रा सुईपुढे तंबूसारखा ताणला जातो आणि फाटायची भीती जास्त. वेळेवर केलं तरी फार थोड्या बायकांना नंतर त्या भोकातून पाणी झिरपतं. हे आम्ही प्रत्येकीला आधीच सांगतो. सांगितलं की ती नवऱ्याकडे बघते, नवरा छताकडे बघतो.

एकदा मंडईतले एक बागवान बायकोला घेऊन आले होते. शहाळी विकणारा माणूस. मी समजावत होते तर म्हणाले, "म्हणजे बाजी, शहाळ्यासारखंच झालं की. भोक पाडायचं, पाणी काढायचं."

"तसंच म्हणा."

"पण शहाळं एकदा टोचलं की दुपारपर्यंत आंबतं!"

मी म्हणाले, "भाईजान, शहाळ्यात बाळ नसतं. हे पाणी काढलं तरी परत भरतं. कारण ते बहुतेक बाळाचीच शू असते."

बागवानांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू तिनं ही गोष्ट इतके दिवस त्यांच्यापासून लपवून ठेवली होती.

दुसरी एक अडचण सांगायलाच हवी. आमच्या भागात 'पाण्याची तपासणी' म्हटलं की गल्ली भलताच अर्थ लावते. मुलगा की मुलगी हे बघायला गेले असतील, म्हणतात. ते सांगणं गुन्हा आहे, दारावर मोठा फलक आहे, तरी येता-जाता कुणीतरी डोळा बारीक करून विचारतंच, "सिस्टर, पेढे का जिलेबी?" मी सांगते, "मधुमेह झालाय मला." पण यामुळे होतं काय, की ज्यांना खरीच तपासणी लागते ती माणसं चोरट्यासारखी येतात आणि घरी गेल्यावर एक शब्द काढत नाहीत. या न बोलण्यातूनच कोमलचं प्रकरण घडलं.

कोमल डाळजची लेक, कन्हेरीची सून. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, औषधपाणी, नवससायास सगळं करून दमल्यावर दिवस राहिलेले. नवरा संदीप एमआयडीसीत दुधाच्या प्लांटवर शिफ्ट करणारा आणि उरलेल्या वेळात ऊस बघणारा. सासू शालनताई. आणि आबा, म्हणजे संदीपचे आजोबा. रक्ताच्या चाचणीत शंका आली, मॅडमनी पाण्याची तपासणी सुचवली, भलंबुरं सगळं सांगितलं. घरी जाऊन विचार करून या म्हणाल्या. दोन दिवसांनी कोमल आली आणि स्वतःच्या तोंडानं "करा" म्हणाली.

सुई छान झाली. मी त्या दिवशी एसटीतल्या कंडक्टरची नक्कल केली होती. कोमल हसरी पोर. हसू दाबलं की तिच्या गालाला खळी पडते आणि नाकातून शिट्टीसारखा आवाज येतो. निघताना मी शालनताईंना पढवलं, "ताप आला, पोटात दुखलं, पाणी सुटलं, तर लगेच गाडी काढायची. थांबायचं नाही." शालनताईंनी धडा म्हणून दाखवला, "ताप, दुकनं, पाणी सुटलं." मी खूश. आता कन्हेरीत 'पाणी सुटलं' याचा अर्थ काय होतो, हे इंदापूरच्या पोरीला कळायला हवं होतं की नाही? पण कळलं नाही.

पुढचा प्रवेश मी स्वतः पाहिलेला नाही. पण त्या घरातल्या प्रत्येकानं मला तो वेगवेगळा करून दाखवलाय, आणि आता मीच तो सगळ्यांत चांगला करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोमल न्हाणीतून आली ती भिंत धरूनच उभी राहिली. पायावरून कोमट पाणी ओघळत होतं. शालनताईंनी ओळखलं. पण सोप्यात आबा बाजेवर बसलेले, आणि शेजारची एक बाई विरजण मागायला येऊन चांगली मांडी घालून बसलेली. सासऱ्यासमोर हे बोलायचं नाही, शेजारणीसमोर तर त्याहून नाही. तपासणीचं गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. शालनताईंनी सोप्यातल्या चार्जरला लावलेला फोन उचलला आणि मी पढवलेले शब्द जसेच्या तसे वापरले.

"संदीप? आरं, पाणी सुटलंय."

प्लांटवर मशीनचा खडखडाट. "आं?"

"पाणी सुटलंय म्हनलं. लवकर ये."

"आज? आजून तर लई टाइम हाय की!"

"आता मला काय ठावं! सुटलंय खरं."

"किती सुटलंय?"

शालनताईंनी आतल्या दाराकडे पाहिलं. "थोडं थोडं येतंय."

"थोडं थोडं? मग आपल्या टेलाला कवा पोचायचं? निघतोच!"

टेल म्हणजे कालव्याच्या फाट्याचं शेवटचं टोक. यांचं रान तिथं. पाणी सुटलं की वरचे लोक आधी भिजवून घेतात, टेलवाल्याला जागं राहावं लागतं. संदीपनं शिफ्टवर बदली माणूस उभा केला, मोटरसायकलला किक मारली, आणि घरावरून, हो, घराच्या दारावरून, हॉर्न वाजवत थेट रानात गेला. शालनताई दारात येऊन बघतात तर लेक पाठमोरा! त्यांना वाटलं, गाडी आणायला गेला. त्या आत जाऊन कोमलच्या कपड्यांची पिशवी भरायला लागल्या.

संदीपनं रानात जाऊन खोरं घेतलं, पाटाचं पाणी रानात घ्यायच्या चारीचं तोंड मोकळं केलं, आणि पाण्याची वाट बघत उभा राहिला.

बराच वेळ गेला. मग घरी फोन वाजला.

"आई, कुठाय पाणी? पाट कोरडा ठणठणीत!"

"आरं, तू कुठं हायस?"

"कुठं म्हंजी? चारीवर!"

"चारीवर काय करतुयास, मुडद्या? घरी ये!"

"घरी कशाला? पाणी घरी येनार हाय व्हय?"

शालनताईंची अवस्था बघा. खरं बोलावं तर सासरे ऐकतात, शेजारीण तर ऐकायलाच थांबलेली. त्या नुसत्या "तसलं न्हाय रं, तसलं न्हाय" म्हणत पदर पिळत राहिल्या. इतक्यात बाजेवरून हात आला आणि फोन काढून घेतला. आबा उठले होते. जन्मभर बैलांवर ओरडलेला आवाज त्यांनी काढला.

"आरं बैला! पाटाचं न्हाय, पाणमोटंचं! तुजी बायकू गळाय लागलीया. गाडी काढ!"

पाणमोट हा आमच्या जुन्या सुइणींचा शब्द. बाळाच्या पाण्याच्या पिशवीला त्या पाणमोट म्हणत. विहिरीतून पाणी उपसायला बैल जोडून चामड्याची मोट ओढायचे, ती मोट. आबांनी तरुणपणी तीच हाकली होती. फोन परत देत ते सुनेला म्हणाले, "आगं शालन, ह्या घरात तूच एकली बाळंत झालीस व्हय? मला काय पानी कळत न्हाय?" आणि शेजारणीला म्हणाले, "विरजान मिळालं न्हवं? जावा आता."

तासाभरात ती मंडळी आमच्या दारात. मागून आणलेली गाडी, पुढची सीट मागे पाडून कोमलला आडवी निजवलेली. संदीप उतरला तो हातात खोरं घेऊनच. ते ठेवायचं त्याला सुचलंच नव्हतं. आमच्या वॉचमनला वाटलं, हा मॅडमवर चालून आला. त्यानं दोन्ही हात पसरून दार अडवलं आणि संदीप रडायला लागला. खोरं धरलेला धिप्पाड गडी रडताना मी त्याआधी पाहिला नव्हता.

मॅडमनी तपासलं. पाणी बाळाच्या पिशवीतलंच होतं. सोनोग्राफीत पिशवीतलं पाणी कमी झालेलं, आणि एका कडेला आतला पापुद्रा बाहेरच्यापासून सुटून तरंगताना दिसत होता, वाऱ्यावर धोतराचा सोगा हलावा तसा. आणि मध्यभागी बाळाचं हृदय टिकटिक करत होतं, त्याला कशाचाच पत्ता नाही.

मॅडमनी सगळ्यांना बसवून सांगितलं. सुईच्या वाटेनं पाणी झिरपतंय. तपासणीनंतरची अशी गळती पुष्कळदा आपोआप थांबते. पापुद्रे एकमेकांवर सरकतात, भोक झाकलं जातं, बाळ पाणी परत भरतं. पण थांबली नाही तर आत जंतू शिरतात, आणि मग बाळ वाचत नाही, आईच्याही जिवाला धोका. म्हणून दवाखान्यात राहायचं, ताप बघायचा, रक्त बघायचं, पाणी बघायचं.

"औषध?" संदीपनं विचारलं.

"थांबणं."

आबा म्हणाले, "डाक्टरबाय, ठिगळ लावा की. आमी मोटंला भोक पडलं की चामड्याचं ठिगळ शिवायचो."

"आबा, या मोटेला ठिगळ लावायचे प्रयोग मोठ्या शहरात करतात. पण क्वचित. आणि आत्ता त्याची गरज नाही."

आबांनी हट्ट सोडला नाही. "मोट कोरडी ऱ्हायली की चिरती. भिजल्याली आसली की फुगून भोक आवळतं. तसं व्हईल?"

मॅडम हसल्या. "आपण तशीच आशा धरू या."

सगळे बाहेर गेल्यावर कोमलनं माझा हात धरला. "सिस्टर, मीच करा म्हनले व्हते ना?"

माझ्याकडे प्रत्येक वेळेसाठी एक नक्कल असते. त्या वेळेसाठी नव्हती. मी म्हणाले, "तू बाळाची काळजी होती म्हणून म्हणालीस. चूक तुझी नाही आणि मॅडमचीही नाही. भोक बारीक आहे." आणि हात तसाच धरून बसले.

कारण मला दुसरी एक आठवत होती. तिचं नाव गाव सांगत नाही. तिचंही असंच पाणी सुटलं होतं आणि ते थांबलं नाही. ताप चढला आणि सगळं संपलं. मी तिच्याजवळ गेले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "सुई टोचताना तुमी हसवलं व्हतं, कळलंसुद्धा न्हाय. आता हसवू नका." तिच्यानंतर काही दिवस माझ्या तोंडून नक्कल निघाली नाही. आजही एखादी बाई पाणी जातंय म्हणून आली की मला पहिला तिचा आवाज ऐकू येतो.

पण कोमल तिच्यासारखी नव्हती. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "सिस्टर, गप का? आमचे हे चारीवर उभे ऱ्हायले ते करून दाखवा की." मी नाही नाही म्हणत थोडंसं केलं. खांद्यावर खोरं, कमरेवर हात, नजर क्षितिजाकडे. कोमलच्या नाकातून शिट्टी वाजली, खळी पडली, आणि लगेच चेहरा उतरला.

"आत्या... आलं."

हसलं की पोटाला हिसका बसतो, हिसका बसला की पाणी येतं. शालनताई पदर खोचून उभ्या राहिल्या. "सिस्टर, तुमी चांगल्या हाईसा. पन आजपास्नं ह्या खोलीत यायचं न्हाय. तुमी आला की ही हसती, आन् हसली की गळती."

झालं! इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कुणी रंगमंचावरून उतरवलं नव्हतं. मी दुसऱ्या सिस्टरला ताप बघायला पाठवायला लागले. कधी दारात उभी राहून गंभीर तोंड करून विचारायची, "काय, बरं आहे ना?" तर माझं ते गंभीर तोंड बघूनच कोमल उशीत डोकं घालायची. शालनताई तिथूनच हात जोडायच्या, "जावा वो, जावा!"

ताप नव्हता. रक्त चांगलं होतं. पण पॅड ओलंच येत होतं. कधी जास्त, कधी कमी. शालनताई रोज कडेला जाऊन बघायच्या आणि नुसती मान हलवायच्या. आबा रोज डबा घेऊन यायचे, बाकावर बसायचे आणि त्यांची मान हलताना बघायचे.

त्यातच तपासणीचा रिपोर्ट आला. बाळाला काहीही आजार नव्हता. सगळं ठीक.

मॅडमनी तो वाचला आणि बराच वेळ टेबलावर पालथा ठेवला. मी समोर उभी होते. बाळ चांगलं आहे हे ज्या सुईनं सांगितलं, त्याच सुईच्या भोकातून ते चाललं होतं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "जाऊन सांग त्यांना. आनंदाची बातमी आहे, आनंदानंच सांग." अभिनय मला येतो म्हणून त्यांनी मला पाठवलं, हे मला कळलं. मी आनंदानं सांगितलं. संदीपनं हात जोडले. कोमल पोटावर हात ठेवून भिंतीकडे वळली. ज्याला काही झालेलं नाही असं बाळ जाणं, हे तिला आता जास्त जड होतं.

त्यानंतरच्या एका दुपारी आबा डबा घेऊन आले. संदीप शिफ्ट संपवून आलेला. मी दारात, माझ्या ठरलेल्या जागी. संदीप म्हणाला, "आई, खरंच सुटलं बरं का पाणी. पाटाला. शपथ."

शालनताई म्हणाल्या, "मग जा की रानात. हितं काय करतुयास?"

"जातो. पन आधी खात्री करून घेतो. आबा, ह्या खेपेला कुठलं?"

आणि आबांनी, ज्यांना कुणी नाटकी समजलं नसतं त्या आबांनी, डबा खाली ठेवला, फोन धरल्यासारखा कानाला हात लावला, आणि तोच बैलांचा आवाज काढला, "आरं बैला! पाटाचं न्हाय..."

कोमल फुटली. उशी आडवी धरली, पदर तोंडात घातला, काही उपयोग झाला नाही. नाकातून शिट्टी, डोळ्यांतून पाणी, खाट गदगदा हलतेय. संदीपही हसायला लागला. आणि मग एकदम सगळ्यांना आठवलं. आबांचा हात कानालाच राहिला. चेहरा असा, जणू त्यांनीच भरलेली मोट विहिरीत सोडून दिली.

शालनताईंनी पडदा ओढला. बाहेर आम्ही तिघं पडद्यावरच्या फुलांकडे बघत उभे. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण ती फुलं मी आजही काढून दाखवीन.

आतून आवाज आला. "कोरडं हाय."

"आं?" आबा म्हणाले.

"कोरडं हाय, मामंजी. पार कोरडं!"

सासऱ्यासमोर जो विषय तोंडातून काढायचा नाही, तो शालनताई पडद्याआडून ओरडून सांगत होत्या. कोरडं या शब्दाला आमच्या भागात कुणी आनंदानं नाचत नाही. कोरडा पाट, कोरडी विहीर, कोरडा श्रावण. पण त्या दिवशी आबांनी माझ्या हातावर डब्यातला गूळ ठेवला आणि कोरडं झाल्याबद्दल तोंड गोड केलं.

मॅडम घाईनं विश्वास ठेवणाऱ्या नाहीत. एक दिवस बघितला, आणखी एक बघितला. कोमलला हसवायची मला परवानगी मिळाली. खरं तर तो तपासणीचाच भाग झाला. पॅड कोरडंच राहिलं. मग सोनोग्राफीत पाणी चढलेलं दिसायला लागलं. एकदा तर बाळाची लघवीची पिशवी भरलेली दिसली आणि थोड्या वेळानं रिकामी. मॅडम म्हणाल्या, "बघा, भरतंय टाकी."

आबांना आत घेतलं होतं. ते पडद्यावरच्या धुरकट चित्राकडे एकटक बघत म्हणाले, "पाटबंधारे खात्यापरीस बरं हाय पोर. वक्तावर पाणी सोडतंय."

कोमल घरी गेली. मी मात्र एक गोष्ट कायमची बदलली. आता तपासणीनंतर घरी पाठवताना मी ताप, दुखणं, पाणी सगळं समजावते, पण पाण्यासाठी माझा शब्द देत नाही. उलट विचारते, "सासऱ्यांसमोर, शेजारणीसमोर, फोनवर काय म्हणाल?" मग ती बाई आणि तिच्या घरची बाई मिळून एक शब्द ठरवतात, आणि नवऱ्याला माझ्यासमोर तो तीनदा म्हणायला लावतात. एकीनं ठरवलं, 'दूध उतू गेलं.' एकीनं 'टाकीचा कॉक खराब झालाय.' भिगवणकडच्या एका नव्या नवरीनं लाजत लाजत ठरवलं, 'तुमची आत्या आली.' नवऱ्याची आत्या खरंच त्याच आठवड्यात आली आणि तो पोरगा बायकोला उचलून गाडीत घालायला लागला, पण ती गोष्ट वेगळी.

कन्हेरीच्या घरानं मात्र शब्द बदलायला नकार दिला. आबा म्हणाले, "आमाला आता कळतंय."

कोमलचे दिवस भरत आले तेव्हा पावसानं ओढ दिलेली. कालव्याला पाणी सोडणार, सोडणार म्हणून सगळे डोळे लावून बसलेले. एका सकाळी मी ट्रे लावत होते तेव्हा माझा फोन वाजला.

"सिस्टर! संदीप बोलतोय. पाणी सुटलंय!"

मी लगेच विचारलं, "पाटाचं की पाणमोटेचं?"



"दोन्ही!"

मागून आबांचा आवाज आला, "तू जा रं! पाण्याचं मी बगतो. पाटाच्या."

कोमलनं दुपारपर्यंत आम्हाला दमवलं आणि मग एका रडक्या, लालबुंद, चांगल्या वजनाच्या जिवाला बाहेर आणलं. मुलगा की मुलगी ते विचारू नका. सोनोग्राफीच्या खोलीत जन्म घालवलेल्या बाईला ते सांगायची सवय नसते.

बाळंतपणानंतर वार आणि पिशवी पूर्ण बाहेर पडली ना, हे आम्हाला तपासावं लागतं. ते माझं काम नव्हतं, मी मागून घेतलं. ती पाणमोट मी दोन्ही हातांनी पसरली आणि खिडकीच्या उजेडाकडे धरली. ओल्या पतंगाच्या कागदासारखी पातळ. आरपार बाहेरचं निंबाचं झाड दिसत होतं. मी सुईचं भोक शोधत होते. पण बाळानं बाहेर येताना पिशवी अशी फाडली होती की आमचं कुठलं आणि त्याचं कुठलं, काही कळेना.

आबा उशिरा आले. गुडघ्यापर्यंत चिखल, धोतर खोचलेलं. पायरीवर पाय धुतले, आत आले, बाळाकडे लांबूनच बघितलं. हात ओले होते म्हणून घेतलं नाही. मग मला बाजूला बोलावलं आणि हळूच विचारलं, "बाय, तू मोट बगितली म्हनं. ठिगळ दिसलं का कुठं?"

खरं सांगायचं तर काहीच दिसलं नव्हतं. पण समोर चिखलानं माखलेले आबा उभे होते, आणि मी पडले नाटकी.

"दिसलं आबा. पण टाका कुठं दिसेना."

आबांनी मान डोलावली. "मग शिवनारा कसबी हाय."

त्यांनी बाळाकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि संदीपच्या खांद्यावर ओला हात टाकला. "चल, मला चारीवर सोड. निम्मं रान ऱ्हायलंय. पाळी चुकंल."